कानसेन आणि न लागणारा दुसरा गिअर

आमच्या रस्त्यावर एक मिस्त्री डोळे मिटून मोटारसायकली तपासतो.

गाडी स्टँडवर घेतलेली असते, इंजिन धडधडत असतं, मालक खिशात हात घालून काळजीत उभा असतो. मिस्त्री भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढतो, फडक्यानं पुसतो, टोक इंजिनाच्या कुशीला टेकवतो आणि लाकडी मूठ कानाला लावतो. मग डोळे मिटतात. भुवया वर जातात. ओठ किंचित हलतात. बघणाऱ्याला वाटावं, इंजिनाच्या पोटात कुणीतरी बसलंय आणि संसाराची सगळी गाऱ्हाणी या एकट्याच्या कानात सांगतंय. बराच वेळ असा गेला की डोळे उघडतात, एक उसासा येतो आणि निकाल लागतो.

"दोन नंबरचा दात गेलाय. पेटी उघडावी लागणार."

गाडी कुठलीही असो, तक्रार कसलीही असो, निकाल हाच. गिअर कडक पडतो? पेटी. गिअर निसटतो? पेटी. गाडी तापल्यावर न्यूट्रल सापडत नाही? पेटी. उद्या कुणी हॉर्न वाजत नाही म्हणून आला तरी हा गिअरची पेटीच उघडेल, असं आमचे लोक म्हणतात, आणि या बाबतीत लोक फार खोटं बोलत नाहीत.

गाणं येत नाही पण ऐकताना मान डोलवण्याचा तोरा मोठा, अशा माणसाला म्हणावं तसं कुणीतरी त्याला चेष्टेनं कानसेन म्हटलं. टोमणा कळायलाही थोडी अक्कल लागते. यानं ती पदवी समजली आणि पाटीवर रंगवून घेतली. आता त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागेल.

माझं शिवणाचं दुकान त्याच्या बरोबर समोर आहे. मशीनवरून मान वर केली की तोच दिसतो. दुसरं काही दिसावं अशी सोय रस्त्यानं ठेवलेली नाही. पुढं दुकान, मागं त्याचं घर, मध्ये एक दार. त्या दारातून कधी चहा बाहेर येतो, कधी बायकोचा आवाज. दुकानात भिंतीला टेकवलेली एक गाडीची सीट, तीच गिऱ्हाइकांची बैठक. कोपऱ्यात कापलेल्या डब्यात काळं तेल. आणि मध्यभागी, जुन्या चादरीच्या तुकड्यावर, कुणाच्या ना कुणाच्या गिअरपेटीची आतडी मांडून ठेवलेली. चाकं, काटे, वायसर, स्प्रिंगा. दागिन्याच्या दुकानात हार मांडावेत तशी तो ती मांडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. उघडण्यात त्याला जे सुख आहे ते बरं करण्यात नाही.

याला हे काम शिकवणारा वस्ताद मोठा माणूस होता. मला तो आठवतो. बोलायचा कमी. म्हणायचा, "गिअर पडत नाही ना? मग बाहेरून आत जा. आधी लिव्हर बघ, ढिली आहे का, कुठं अडते का. मग क्लचची केबल. मग तेल. मग क्लचच्या प्लेटी. सगळ्यात शेवटी, अगदीच नाइलाज झाला तर, पेटी." एवढं साधं. यानं त्यातला शेवटचा शब्द तेवढा लक्षात ठेवला. बाकीचं त्याला किरकोळ वाटलं असावं. लिव्हर घट्ट करण्यात कसली आली कीर्ती?

आता कुणी विचारील की इतका अडाणी असून याचं दुकान चाललं कसं? त्यात एक गंमत आहे. पेटी उघडायची तर क्लचची केबल सोडावी लागते, परत बसवताना ती ताणून बसवावी लागते. जुनं तेल सांडतं, नवं भरावं लागतं. लिव्हर काढावी लागते, ती पुन्हा घट्ट आवळावी लागते. म्हणजे वस्तादानं सांगितलेलं सगळं काम या माणसाच्या हातून होतच होतं, फक्त उलट्या वाटेनं आणि त्याच्या नकळत. निम्म्याहून जास्त गाड्या तेवढ्यानंच बऱ्या होतात. आमच्या पोस्टमनची गाडी तशीच बरी झाली. ढिली केबल, दुसरं काही नाही. पण पोस्टमननं रस्ताभर सांगितलं, "कानसेननं दोन नंबरचा दात बसवला." आंधळ्याच्या हाती लागलेलं सावज लोक शिकारीच्या नावावर मांडतात आणि आंधळाही मिशीला पीळ देतो.

आणखी एक गोष्ट. हा माणूस कधीही गाडी चालवून बघत नाही.

मी कपड्याला कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाला उभं करतो, चालवतो, खाली बसवून बघतो. बसल्यावर जी शिवण उसवते ती उभ्या माणसावर दिसत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, कापडानंच शिकवलं. पण कानसेनला कुणी म्हटलं, "मिस्त्री, एक चक्कर मारून बघा की," तर तो अशा नजरेनं बघतो की म्हणणाऱ्यानं मान खाली घालावी.

"तुझ्या पोटात दुखलं तर डॉक्टर काय तुझ्या पाठुंगळी बसतो?"

लोक हसतात. विनोद बरा आहे, हे मी मान्य करतो. त्याच्याजवळ बरं असं तेवढंच आहे. तो स्वतः सायकलवर फिरतो आणि म्हणतो, तब्येतीला बरं असतं.

या माणसाच्या बायकोला आम्ही थोरली म्हणतो, कारण तिची धाकटी बहीण पलीकडच्या वस्तीत दिली आहे. गोष्ट त्या धाकटीची आहे. कानसेन तिच्यात फुकट आला.

धाकटीचा नवरा घरोघरचं दूध गोळा करून मोटारसायकलवरून केंद्रावर घालायचा. गाडी जुनी, पण काटक. मग त्याची कंबर धरली. डॉक्टरनं सांगितलं, पाठीखाली फळी घालून पडून राहायचं आणि गाडीचं नावही घ्यायचं नाही. धाकटीनं पहिल्यांदा रडून घेतलं आणि मग किल्ली घेतली. नवरा खाटेवरून ओरडायचा, "क्लच दाब! आता टाच मार! आता हळू सोड!" आणि ही अंगणात घसरत, धडपडत, शिव्या देत शिकली. महिनाअखेर नवऱ्यापेक्षा बरी चालवायला लागली. दूध घालणारी घरंही वाढली, कारण बायका बाईच्या हाती दूध देताना दोन शब्द बोलतात आणि दोन शब्द बोलायला मिळाले की त्या दुसरीकडं जात नाहीत.

घरं वाढली म्हणून कॅन मोठे घ्यावे लागले. कॅन मोठे म्हणून रॅक मोठा करावा लागला. गाडीच्या मागच्या बाजूला दोन्हीकडं कॅन बसतील असा लोखंडी रॅक. तो मोठा करून दिला कानसेननं. मोडक्या खाटेचे अँगल कापले, डोळ्यांना झळ लागू नये म्हणून तोंड फिरवून वेल्डिंग केलं, आणि जगाला सांगितलं, "मेहुणीकडून मी काही घेत नाही. हत्ती ठेवला तरी हलणार नाही."

अँगलवर कॅन आपटून आवाज करायचे, म्हणून धाकटीनं रॅकला सगळीकडून गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं. कॅन शांत झाले.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी गाडीचा दुसरा गिअर पडेनासा झाला.

पहिला पडायचा. दुसऱ्यासाठी लिव्हरच्या मागच्या टोकावर टाच मारली की लागायचा न्यूट्रल. इंजिन उगाच किंचाळायचं, गाडी चढावर थांबायची, मागचं वजन मागं खेचायचं. पुन्हा टाच, पुन्हा टाच. कधी पडायचा, कधी नाही. या झटापटीत उशीर व्हायचा, आणि दूध काही कुणाच्या नातेवाइकाचं नसतं. उशीर झाला की ते नासतं. केंद्रावरच्या माणसानं दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, तुमचा गिअर पडत नाही म्हणून मी काय दही विकू? यापुढं फाटक लागल्यावर आलात तर तुमची सगळी घरं टेम्पोवाल्याला देऊन टाकीन. तो कधीचा मागतोय."

घरं गेली म्हणजे सगळंच गेलं. फळीवर पडलेला नवरा, आणि एवढ्या मेहनतीनं जोडलेली वाट. ती टेम्पोत बसून दुसऱ्याच्या घरी जाणार.

म्हणून ती बहिणीच्या दारी आली. आपला माणूस मिस्त्री असताना परक्याकडं जायचं कसं? हीच तिची चूक. परका असता तर त्यानं निदान गाडी चालवून पाहिली असती.

कानसेननं पहिल्यांदा काय केलं असेल ते सांगायला नको. फक्त आधी म्हणाला, "तो रॅक उतरव बाजूला. त्यानं आवाज दबतो." रॅक उतरला, भिंतीला टेकला. मग स्क्रू-ड्रायव्हर, मग डोळे. मग निकाल. पेटी उघडली, चादरीवर मांडली, एक काटा बदलला, पेटी मिटली. स्टँडवर गाडी चालू करून त्यानं हातानं लिव्हर दाबली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. लोण्यात सुरी जावी तसे.

"बघ. याला हात म्हणतात."

धाकटी रिकामी गाडी घेऊन गेली, सकाळी भरून निघाली, आणि चढावर पुन्हा न्यूट्रल.

दुसऱ्यांदा आली तेव्हा तोंडावर थकवा होता. "दाजी, रिकामी असली की बिनतक्रार चालते हो. भरली की अडते. तुम्ही एकदा भरलेली गाडी चालवून बघा ना."

"गिअरला काय कळतंय मागं दूध आहे का दगड? दात गेला तो गेला. आणि खरं सांगू का? गाडी बाईच्या पायाखाली नीट चालत नाही. टाच हलकी पडते तुझी."

आतून थोरलीचा आवाज आला, "तिची टाच हलकी असेल तर मारून घ्या म्हणावं एकदा. कळेल."

पोस्टमन सीटवर बसून चहा पीत होता, त्याला ठसका लागला. कानसेननं ऐकलंच नाही असं दाखवलं. ज्याचा कान एवढा तिखट, त्याला बायकोचं बोलणं मात्र कधी ऐकू येत नाही. रॅक पुन्हा उतरला. पेटी पुन्हा उघडली. या वेळी दोन नंबरचं चाकच बदललं. पुन्हा लोण्यात सुरी. पुन्हा सकाळी चढावर न्यूट्रल.

मला विचाराल तर आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होता. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि शिंप्यानं इंजिनात नाक खुपसू नये एवढं मला कळतं. शिवाय दुखणं काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की जी गाडी भरल्यावर अडते तिला हा माणूस दर वेळी रिकामी करून तपासतो आणि वर तिच्यावरच रागावतो.

तिसऱ्यांदा ती आली त्या दुपारची गोष्ट. ऊन भिंतीवरून उतरत होतं, रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं. केंद्रावर त्या सकाळी ती कशीबशी फाटक लागता लागता पोचली होती. फाटकवाल्यानं एक दार धरून ठेवलं म्हणून. दुसऱ्या दिवशी तो धरणार नव्हता, तसं त्यानं सांगितलंच होतं.

कानसेननं स्क्रू-ड्रायव्हरही काढला नाही. हात पुसत म्हणाला, "पेटी संपली गाडीची. मी दोनदा जीव ओतला. आता ही भंगारात घाल. दुसरी बघतो मी तुझ्यासाठी."

रॅक सोडायला तो पुढं झाला तसा धाकटीनं त्याचा हात बाजूला केला.

"राहू दे तो."

"अगं, आवाज दबतो."

"दबू दे. ताई, तुझ्या नळाला पाणी आहे का?"

थोरली दारात आली. धाकटीनं कॅन उचलले, नळाखाली लावले, काठोकाठ भरले. दोघींनी धरून ते रॅकवर चढवले. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. धाकटीनं किक मारली. पोस्टमन चहा घेऊन उभा राहिला. मी मशीन थांबवलं. ज्याचा धागा तुटला नाही तो सुद्धा अशा वेळी सुई थांबवतो.

पुढच्या टोकावर पाय दाबला. पहिला पडला, चाक फिरलं. मागच्या टोकावर टाच मारली. चाक सैल पडलं, इंजिन किंचाळलं.

न्यूट्रल.

दोन्ही वेळा दुकानात शहाण्यासारखी वागलेली गाडी पहिल्यांदाच तिथं, मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत, अडली होती. कोणताही शहाणा मिस्त्री अशा वेळी डोळे मोठे करून बघेल. यानं डोळे मिटले. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला आणि तोंडावर समाधान पसरलं.

"हां! हेच म्हणत होतो मी! येतोय, येतोय ऐकू. मार अजून टाच. दात घासतोय बघ."

धाकटी टाच मारत राहिली. थोरली कॅन सांडतोय का ते बघायला गाडीच्या डाव्या अंगाला उकिडवी बसली होती. तिची नजर लिव्हरवर गेली, मग लिव्हरच्या मागं.

"अगं, हे पोतं का दबतंय गं?"

"कुठलं पोतं?"

"हे रॅकचं. तू टाच मारलीस की इथं खड्डा पडतोय. थांब. मार बघू."

आणि लिव्हरचं मागचं टोक आणि गोणपाट यांच्या मध्ये नक्की किती जागा आहे ते बघायला तिनं बोट घातलं. धाकटीनं टाच मारली.

"आई गं! मेले!"

"ऐकलंत?" कानसेन डोळे मिटूनच ओरडला. "हा! हाच तो आवाज! सरळ पेटीतून येतोय!"

पोस्टमनच्या तोंडातला चहा रस्त्यावर गेला. मी आयुष्यात कधी कामावर असताना हसलो नाही. त्या दिवशी मला मशीनचं चाक धरून उभं राहावं लागलं. थोरली बोट तोंडात घालून नवऱ्याकडं बघत होती. त्या नजरेचं वर्णन करणं मला जमणार नाही. वर्षानुवर्षं साठलेलं काहीतरी त्यात होतं, आणि त्याला शेवटी एक बोट सापडलं होतं.

धाकटीनं इंजिन बंद केलं. खाली बसली, सुतळी तोडली, गोणपाट ओढून काढलं.

रॅकचा खालचा, पुढचा कोपरा. कानसेननं मोठा केलेला. गाडी रिकामी असताना लिव्हरच्या टोकाखाली दोन बोटं जागा राहायची. कॅन भरले की हत्ती पेलणारा तो रॅक वाकून खाली-पुढं यायचा आणि त्याचा कोपरा बरोबर लिव्हरच्या खाली येऊन थांबायचा. टाच अर्ध्यावर अडायची. पहिल्यातून अर्धी टाच पडली की लागतो न्यूट्रल. हे शाळेतल्या पोराला सांगितलं तरी कळेल. गोणपाटामुळं लोखंडावर लोखंड वाजत नव्हतं, पायाला मऊ लागायचं, वाटायचं पूर्ण दाबलं. त्या कोपऱ्यावर लिव्हरनं रोज मारून मारून एक चकचकीत डाग पाडला होता. नव्या सुईसारखा चमकत होता तो. लिव्हरच्या पोटालाही तसाच एक.

पेटीला काही झालंच नव्हतं. कधीच नव्हतं.

तापलेलं इंजिन टक टक करत निवत होतं. कानसेननं स्क्रू-ड्रायव्हर खाली केला. कोपऱ्याकडं पाहिलं, लिव्हरकडं पाहिलं, आकाशाकडं पाहिलं. मला वाटलं, आता याच्या तोंडून एखादा माणसाचा शब्द निघेल. मी अजून माणसांविषयी आशा ठेवतो, ही माझी जुनी खोड.

"त्यावर पोतं कुणी गुंडाळलं?" त्यानं विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली.

"बघा! मग मला आवाज येणार कसा? तरी मी म्हणत होतो, याच्यानं आवाज दबतो."

"रॅक कुणी केला दाजी?"

"तो प्रश्न वेगळा."

"आणि पेटी दोनदा उघडलीत ती काय बघायला?"

"आतही होतंच काहीतरी. दोन नंबरचं चाक मी काढलं तेव्हा..."

"अहो, गप्प बसा!" थोरली बोट झाडत उठली. "तुम्ही एकदा, एकदा जरी या गाडीवर बसून कोपऱ्यापर्यंत गेला असतात तर पहिल्याच दिवशी तुमच्या टाचेला कळलं असतं. पण तुम्ही बसणार कसे? लग्न झाल्यावर एकदाच मला मागं बसवलंत आणि गाडीसकट पुलाखाली पाडलंत. तेव्हापासून सायकल. म्हणे तब्येतीला बरी!"

ही गोष्ट रस्त्यावर कुणालाच माहीत नव्हती. इतकी वर्षं ती बाई ती पोटात ठेवून होती. डॉक्टरचा आणि पाठुंगळीचा विनोद त्या क्षणी मेला. नंतर तो कुणाच्या तोंडून मी ऐकला नाही.

धाकटीनं दुकानातून लोखंड कापायची करवत उचलली. विचारलं नाही. कॅन उतरवले, रॅक सोडवून पायाखाली दाबून धरला आणि तो कोपरा कापायला बसली. लोखंड किरकिरत होतं, भुसा चमकत खाली पडत होता. कानसेन बाजूला उभा राहून सांगत होता, "हळू... तिरकी धर... पातं मोडेल हं..." पातं मोडलं नाही. कोपरा तुटून फरशीवर पडला. थोरलीनं तो उचलला, पुसला आणि घेऊन आत गेली.

मग रॅक परत बसवून पाण्यानं भरलेले कॅन पुन्हा चढवले आणि धाकटी निघाली. आमचा रस्ता पुढं जाऊन चढतो. वर झाडं आहेत आणि त्यापलीकडं रस्ता दिसत नाही. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे होतो. पहिला गिअर रडत रडत चढाला लागला. मग तो क्षण आला, जिथं एवढ्या दिवसांत इंजिन किंचाळायचं. आवाज एक श्वासभर खाली गेला, आणि मग भरल्या गळ्यानं, जड, स्वच्छ, वर उचलला गेला. दुसरा. झाडांपाशी पोचता पोचता तिसरा. संध्याकाळच्या उजेडात ती गाडी झाडांच्या मागं गेली तरी आवाज बराच वेळ येत राहिला, दूर जाणाऱ्या गाण्यासारखा. तो आवाज ऐकायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नव्हता.

कानसेनही ऐकत होता. कानामागं हात धरून.

"बघा," तो पोस्टमनला म्हणाला, "चाक बदललं म्हणून एवढा गोड आवाज येतोय."

दुसऱ्या सकाळी धाकटी केंद्रावर पोचली तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि फाटकवाला अजून दात घासत होता. टेम्पोवाल्याला त्याची घरं दुसरीकडं शोधावी लागली. परत जाताना ती आमच्या रस्त्यानं गेली. बहिणीला हात केला. दाजींच्या दुकानापुढं गाडी थांबवली नाही, फक्त टाच उचलून, अगदी सावकाश, एक गिअर टाकला आणि गेली.

माणूस सुधारतो असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या दुकानात येऊन बसावं. आठवडा झाला नाही तोच कानसेन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, "मेहुणीच्या गाडीचा गिअर मी पेटी न उघडता नीट करून दिला. बाहेरच्या बाहेर!" दोनदा उघडलेली पेटी त्यानं अशी गिळली की ढेकरही दिला नाही.

पण तो लोखंडाचा कोपरा थोरलीनं टाकला नव्हता. तिनं तो स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला होता. पहिल्यांदा ती तो फक्त जेवताना काढायची. कानसेन फुशारकी मारायला लागला की ताटाच्या बाजूला, पाण्याच्या पेल्याजवळ, नीट मांडून ठेवायची. हे मला पोस्टमननं सांगितलं. तो एकदा जेवायला होता. म्हणाला, मिस्त्री उरलेलं जेवण मुकाट जेवला.

मग तिनं दुसरी रीत काढली. परवाचीच गोष्ट. एक गिऱ्हाईक आलं. जुनी गाडी, तक्रार तीच, गिअर कडक पडतो. कानसेननं खिळ्यावरून स्क्रू-ड्रायव्हर काढला, फडक्यानं पुसला, टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटले. भुवया वर गेल्या. निकाल ओठापर्यंत आला होता.

आतून आवाज आला. लोखंडाचा तुकडा पातेल्याच्या काठावर. ठण्ण.

फार मोठा नाही. मला रस्त्याच्या पलीकडं जेमतेम ऐकू आला. पण एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या कानानं अचूक ओळखलेला तो पहिला आवाज असावा. डोळे उघडले. स्क्रू-ड्रायव्हर खाली आला. तो खाली बसला, लिव्हर हलवून पाहिली, मग क्लचच्या केबलला बोट लावलं. केबल ढिली होती, शेंबड्या पोराच्या चड्डीच्या नाडीसारखी. त्यानं ती ताणली, लिव्हर आवळली, आणि गिऱ्हाइकाकडं वळला.

"हे बघ," छाती पुढं काढून म्हणाला, "पेटी उघडणं सोपं असतं. आधी बाहेरून आत जायचं असतं. हे फार थोड्यांना कळतं. ही माझी स्वतःची पद्धत आहे."

वस्ताद आज असता तर थुंकला असता. मी ती तसदी घेतली नाही. मान खाली घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.